चित्रकथा : फळीवर ठेवाव्या कीं हातीं द्याव्या?

मुलाच्या हातीं पुस्तक दिसलें म्हणजे घरांतील वडील मंडळींस समाधान वाटावें, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु त्या पुस्तकांत अक्षरांहून चित्रेंच अधिक असलीं, चित्रांतील माणसांचे डोळे बशीएवढे असले आणि तें मागल्या पानापासून आरंभ करून उजवीकडून डावीकडे वाचावें लागत असलें, म्हणजे तें समाधान ओसरून कपाळावर आठी उमटते. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या परिचयाच्या अनेक घरांत ही आठी आम्हीं पाहिली आहे. जपानी चित्रकथा, ज्यांस तिकडे ‘मांगा’ म्हणतात, त्यांच्या इंग्रजी भाषांतरांचे गठ्ठे मुलामुलींच्या उशाशीं पडलेले असतात. आजोबांस त्यांतलें कांहीं उमगत नाहीं, आईबापांस उमगून घेण्यास सवड नसते, आणि मुलांस कोणी विचारीत नाहीं.

ह्याच विषयावर आमच्या दोन स्नेह्यांचा वाद गेला चातुर्मासभर चालला होता. एक संस्कृताचे निवृत्त अध्यापक. त्यांस आम्ही सर्व ‘शास्त्रीबुवा’ म्हणतों. दुसरे एका शाळेंत तीस वर्षें चित्रकला शिकवून मोकळे झालेले. ते आमचे ‘मास्तर’. दोघांची मैत्री कॉलेजच्या दिवसांपासूनची असल्यामुळें शब्दांस धार होती, पण मनांत आकस नव्हता. वादाचें निमित्त मात्र पोरकट नव्हतें. शास्त्रीबुवांच्या बारा वर्षांच्या नातवास मास्तरांनीं ‘बेअरफूट गेन’ ह्या हिरोशिमावरील जपानी चित्रकथेचा पहिला भाग वाचावयास दिला. मुलानें तो एका बैठकींत वाचला, आणि पुढें दोन रात्री त्यास झोंप आली नाहीं. सूनबाईंनीं तें पुस्तक कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिलें. एकत्र कुटुंबांत अशा गोष्टीचे दोन पक्ष पडावयास वेळ लागत नाहीं. तें पुस्तक खालीं काढावें कीं काढूं नये, ह्या एका प्रश्नाभोंवतीं पुढील सर्व चर्चा झाली. तिचा सारांश आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

वेताळ, टिनटिन आणि कौसल्या

शास्त्रीबुवांचा पहिला आक्षेप असा कीं, चित्रकथा मनास आळशी करते. “वाचणाऱ्यानें सीता आपल्या मनांत उभी करावयाची, तुम्ही ती आयती काढून देतां. मग त्याच्या कल्पनेनें करावयाचें काय?” शिवाय अशा पुस्तकांची ओळख त्यांस नवी नव्हती. १९६४ सालीं टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलें. तें १९९० पर्यंत चाललें व मराठींतहि निघत असे. त्यांतील मुखवट्याच्या वेताळानें शास्त्रीबुवांच्या मुलांस वेड लाविलें होतें. “अरण्यांत हजारों काळीं माणसें राहतात, पण त्यांचा न्यायनिवाडा करावयास पिढ्यान् पिढ्या एक गोरा लागतो! हें आमच्या मुलांनीं स्वतंत्र भारतांत मिटक्या मारीत वाचावें?”

येथें मास्तरांनीं विरोध केला नाहीं, हें विशेष. उलट त्यांनीं भर घातली. बेल्जियमचा विख्यात चित्रकार एर्जे ह्यानें १९३० सालीं आपल्या टिनटिनला कांगो देशांत पाठविलें. त्या कथेंत टिनटिन आफ्रिकी मुलांस ‘तुमचा देश बेल्जियम’ असा धडा देतो. १९४६ सालीं पुस्तक नव्यानें काढतांना एर्जेनें तो धडा पुसून तेथें गणित घातलें. पण माणसांचीं चित्रें जशीं होतीं बहुतेक तशींच राहिलीं. “शब्द बदलणें सोपें असतें, शास्त्रीबुवा. रेषेंत शिरलेला तिरस्कार काढणें कठीण.” ह्याच न्यायानें मास्तरांनीं घरच्या ‘अमर चित्रकथे’सहि सोडलें नाहीं. अनंत पै ह्यांनीं ती १९६७ सालीं मुंबईंत सुरू केली. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेंत मुलांस ग्रीक देवतांचीं नांवें येतात, पण रामाच्या आईचें नांव सांगतां येत नाहीं, हें पाहून त्यांस ही कल्पना सुचली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. राम वाईरकरांनीं काढलेल्या ‘कृष्ण’ ह्या पुस्तकापासून त्या मालेचें भारतीय रूप सुरू झालें. मास्तर म्हणाले, “वाईरकरांचा हात गोड खरा. पण पुढें ह्या मालेंत राक्षस म्हटला कीं काळाकुट्ट, आणि सज्जन म्हटला कीं गोरापान, असा शिरस्ताच पडला. सांवळ्या रामाच्या देशांत हें कां व्हावें?”

शास्त्रीबुवा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “कौसल्येचें नांव मुलांस ठाऊक झालें, एवढें श्रेय मी देईन. परंतु बत्तीस पानांत रामायण आटोपल्यावर वाल्मीकि वाचण्याची भूक उरते कीं मरते, हें कोणी पाहिलें आहे?” ह्या प्रश्नास मास्तरांजवळ उत्तर नव्हतें, आमच्याजवळहि नाहीं.

भयाचा पुरावा

दुसरे दिवशीं शास्त्रीबुवा तयारीनें आले. अमेरिकेंतील फ्रेडरिक वर्थम ह्या मनोवैद्यानें १९५४ सालीं एक ग्रंथ लिहून कॉमिक्समुळें मुलें गुन्हेगारीकडे वळतात असें प्रतिपादिलें. त्याच वर्षीं सीनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली, आणि सरकारी बंदी येऊं नये म्हणून प्रकाशकांनीं आपणच एक कडक नियमावली पत्करली. तिच्या शिक्क्यावांचून पुस्तक दुकानांत ठेवणें दुरापास्त झालें. “प्रत्यक्ष वैद्याचा निर्वाळा आहे, मास्तर!”

मास्तरांनीं दुसरी बाजू मांडली. वर्थमचे मूळ कागद अभ्यासकांस खुले झाल्यावर कॅरोल टिली ह्या विदुषीनें ते तपासले व आपलें संशोधन २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. वर्थमनें मुलांचीं विधानें जोडून-तोडून, सोयीचें तेवढें ठेवून व गैरसोयीचें गाळून वापरलीं होतीं, असें त्यांत दिसून आलें. तोंवर त्या नियमावलीचा अंमलहि संपला होता; राहिलेल्या प्रकाशकांनीं २०११ मध्यें तिला रामराम ठोकला. “आणि तिचें एक कलम ऐका. प्रत्येक कथेंत सत्पक्षाचा दुष्टांवर विजय झालाच पाहिजे! मग अभिमन्यूचें काय? रात्रीं झोंपेंत कापल्या गेलेल्या द्रौपदीच्या मुलांचें काय? त्या कलमाखालीं तुमचें सौप्तिकपर्व छापतां आलें असतें काय?”

शास्त्रीबुवा हंसले, पण हटले नाहींत. “वर्थमचा पुरावा खोटा ठरला, इतकेंच सिद्ध झालें. आईबापांचें भय खोटें ठरलें नाहीं. माझा नातू दोन रात्री झोंपला नाहीं, हा पुरावा कोणी बनविलेला नाहीं.” हें उत्तर आम्हांस वजनदार वाटलें. मास्तरहि ह्यावर गप्प बसले, आणि वाद नियमांवरून उठून खऱ्या पुस्तकांकडे वळला, हें बरें झालें.

दोन चौकटींमधील पांढरी पट्टी

‘मांगा’ हा शब्द जपानी चित्रकार होकुसाई ह्याच्या रेखाटनांच्या पुस्तकांमुळें जगभर गाजला. स्वैरपणें काढलेलें चित्र असा त्याचा अर्थ. त्या पुस्तकांचा पहिला भाग १८१४ सालीं निघाला आणि पंधरावा १८७८ सालीं, म्हणजे होकुसाईच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनीं. पण तीं निव्वळ रेखाटनें; त्यांत गोष्ट नाहीं. आजच्या अर्थाच्या मांगाला वळण लाविलें तें ओसामु तेझुका ह्यानें. हा १९२८ सालीं जन्मला व १९८९ सालीं वारला. त्यानें वैद्यकाची पदवी घेतली, पण नाडी धरण्याऐवजीं लेखणी धरली. अमेरिकन चलच्चित्रें पाहून त्यानें मोठे डोळे घेतले व चित्रपटाप्रमाणें जवळून, दुरून, वरून पाहण्याची दृष्टि घेतली. धांवत्या मोटारीस एका चित्रांत न कोंबतां तो तिला अनेक चौकटींतून पळवूं लागला.

ह्याच तेझुकानें १९७२ ते १९८३ ह्या काळांत ‘बुद्ध’ ही प्रचंड चित्रकथा काढली. मास्तरांनीं तिचा पहिला भाग शास्त्रीबुवांपुढें ठेविला. आरंभींच जातकांतील सशाची गोष्ट आहे. भुकेल्या वृद्धास देण्यास आपल्यापाशीं कांहीं नाहीं, म्हणून ससा स्वतःस अग्नींत झोंकून देतो. त्या पानांवर शब्द जवळजवळ नाहींतच. बर्फ, म्हातारा, जाळ आणि ससा. मास्तर म्हणाले, “ह्या चौकटींत ससा उभा आहे. पुढच्या चौकटींत तो नाहीं. उडी कोणी मारली? ती ह्या दोहोंमधील पांढऱ्या पट्टींत आहे, आणि ती तुम्ही आपल्या मनांत काढली. आळशी मनाचें हें काम नव्हे.”

शास्त्रीबुवांनीं पान पुन्हां उलटून पाहिलें. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, “आनंदवर्धनानें काव्याचा आत्मा ध्वनि म्हणजे न सांगितलेलें असें म्हटलें. ही पांढरी पट्टी त्याच जातीची दिसते.” अकराशें वर्षांपूर्वींच्या काश्मिरी पंडिताची व विसाव्या शतकांतील जपानी चित्रकाराची गांठ आमच्या ओटीवर अशी पडली.

पण त्यांनीं तो ग्रंथ सबंध उचलून धरला नाहीं. तत्ता, चाप्रा हीं तेझुकाच्या कल्पनेंतलीं पात्रें पहिल्या भागाचा बराचसा भाग व्यापतात, आणि बुद्धाचा जन्म फार उशिरां होतो. मध्येंच आधुनिक विनोद येतो, स्त्रियांचीं चित्रें नको तितकीं उघडीं आहेत. “चरित्र म्हणून मी हें मुलांस देणार नाहीं,” शास्त्रीबुवा म्हणाले. मास्तरांचें म्हणणें, अस्पृश्य व दास ह्यांस कथेच्या मध्यभागीं आणून तेझुकानें बुद्धाच्या उपदेशाचें कारणच आधीं दाखविलें. आम्हांस दोघांचेंहि पटलें. मोठ्या मुलाबरोबर वाचावयाचा व त्यावर बोलावयाचा असा हा ग्रंथ आहे.

चित्रांच्या रांगेंतून कथा सांगणें आपणांस परकें नाहीं, हेंहि ह्यावेळीं निघालें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर मंडळी चित्रकथी म्हणून प्रसिद्ध आहेत. रामायण-महाभारतांतील प्रसंगांच्या चित्रांची चळत, जिला ते पोथीच म्हणतात, पुढें घेऊन एकेक चित्र दाखवीत वाद्यांच्या साथीनें ते कथा गातात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. पुण्याच्या केळकर संग्रहालयांत अशीं जुनीं चित्रें कोणासहि पाहतां येतील. फरक एवढाच कीं, चित्रकथ्याच्या चित्राबरोबर एक माणूस असतो. ह्या फरकाकडे आम्ही पुढें येऊं.

सात माणसांचें घर

मांगा म्हणजे तलवारी व राक्षस, अशी समजूत असणाऱ्या आमच्या भगिनींस ‘साझाए-सान’ची ओळख अवश्य व्हावी. माचिको हासेगावा ह्या चित्रकर्तीनें ही चार चौकटींची मालिका १९४६ सालीं, युद्धांत जपान बेचिराख झालें असतां, फुकुओकाच्या एका दैनिकांत सुरू केली. पुढें ती ‘असाही शिंबून’ ह्या मोठ्या पत्रांत जाऊन १९७४ पर्यंत चालली. बहिणींनीं मिळून घरचीच प्रकाशनसंस्था काढली व पुस्तकेंहि आपणच छापविलीं. साझाए, तिचा नवरा, लहान मुलगा, तिचे आईबाप, धाकटा भाऊ व धाकटी बहीण अशीं सात माणसें एका छपराखालीं राहतात. जांवई सासऱ्याच्या घरीं राहतो, पण आडनांव आपलेंच ठेवतो. घरजांवयाची ही सोयीची तऱ्हा आमच्या वाचकांस गंमतीची वाटेल. सर्वांचीं नांवें समुद्रांतून घेतलेलीं आहेत, कोणी शिंपला, कोणी मासा, कोणी शेवाळ. विषय म्हणाल तर शिधापत्रिकेवरील तांदूळ, विसरलेली पिशवी, बापलेकांची रुसवाफुगवी. तिच्यावरील चलच्चित्रमाला १९६९ पासून आजतागायत दूरचित्रवाणीवर चालू आहे, व तिच्या दीर्घायुष्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली आहे.

मास्तरांची सर्वांत मोठी तक्रार आजच्या बाजाराविषयीं होती, शास्त्रीबुवांच्या लक्षांतहि न आलेली. १९६८ सालीं निघालेल्या ‘शोनेन जंप’ ह्या साप्ताहिकाचा खप १९९४ च्या अखेरीस ६५ लाखांवर गेला होता. वाचकांनीं पत्रें टाकून पसंती कळवावयाची आणि मागें पडलेली कथा गुंडाळावयाची, असा तेथील रिवाज. “आठवड्यास वीसेक पानें काढावयाचीं, तीं वर्षानुवर्षें. मग कथा लोकप्रिय झाली तर संपवितां येत नाहीं, आणि न झाली तर पुरी करतां येत नाहीं. एक लढाई संपली कीं दुसरी मोठी लढाई. आणि पुष्कळ कथांत मुली काढतात त्या पाहून मला चित्रकार म्हणून लाज वाटते. शास्त्रीबुवा, तुम्ही चित्रांवर रागावतां. मी आळसानें काढलेल्या चित्रांवर रागावतों.”

वरच्या फळीवरचें पुस्तक

आतां त्या पुस्तकाविषयीं. केइजी नाकाझावा हा १९३९ सालीं हिरोशिमांत जन्मला. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं बाँब पडला तेव्हां तो सहा वर्षांचा मुलगा शाळेच्या भिंतीआड उभा होता, म्हणून वांचला. वडील, बहीण व धाकटा भाऊ गेले. आईनें त्याच दिवशीं रस्त्यावर एका मुलीस जन्म दिला. तीहि पुढें फार दिवस जगली नाहीं. नाकाझावा चित्रकार झाला, पण त्या दिवसाविषयीं त्यानें अनेक वर्षें रेघहि ओढली नाहीं. १९६६ सालीं आई वारली. दहनानंतर अस्थि वेंचावयाची रीत जपानांतहि आहे. परंतु आईच्या अस्थि म्हणून वेंचण्याजोगें कांहीं उरलेंच नाहीं, सर्व राख झालें होतें. बाँबच्या किरणांनीं आईचीं हाडेंहि नेलीं, असें त्याच्या मनानें घेतलें, आणि तेथून तो बाँबवर चित्रें काढूं लागला. १९७३ सालीं त्यानें ‘गेन’ आरंभिली. तिचे दहा भाग झाले. तो २०१२ च्या डिसेंबरांत वारला.

ह्या पुस्तकावर आघात शत्रूंनीं केला नाहीं. जपानी सैन्यानें आशियांत केलेले अत्याचारहि त्यांत आहेत. २०१२ च्या डिसेंबरांत मात्सुए शहराच्या शिक्षणमंडळानें शाळांस तें मुलांच्या हातीं सहजीं पडूं नये अशी सूचना केली; १९१३ च्या नव्हे, २०१३ च्या ऑगस्टांत, आपल्याच काळांत, गवगवा होऊन ती मागें घ्यावी लागली. २०२३ सालीं खुद्द हिरोशिमाच्या शिक्षणमंडळानें शांतिशिक्षणाच्या पाठ्यसाहित्यांतून त्यांतील उतारे काढले. अमेरिकेंतहि ज्यूंच्या संहारावरील आर्ट स्पीगेलमन ह्यांची ‘माउस’, जिला १९९२ सालीं पुलित्झरचें विशेष पारितोषिक मिळालें, ती २०२२ मध्यें टेनेसी संस्थानांतील एका परगण्याच्या शिक्षणमंडळानें अभ्यासक्रमांतून वगळली. तेव्हां आमच्या सूनबाईंनीं जें केलें, तें मोठमोठ्या मंडळांनींहि केलें आहे.

शास्त्रीबुवांनीं पुस्तक खालीं काढलें व नातवास न सांगतां स्वतः वाचलें. वाचून झाल्यावर ते मास्तरांकडे न जातां नातवाकडे गेले आणि झोंप कां आली नाहीं हें त्यास विचारलें. हा प्रश्न तोंपर्यंत घरांत कोणीहि त्यास विचारला नव्हता. भाजलेल्या माणसांचीं चित्रें पाहून तो भ्याला असेल, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. मुलगा म्हणाला, “आजोबा, गेनचे बाबा घराखालीं अडकले होते आणि आग येत होती. ते म्हणाले, आईला घेऊन जा. तो गेला. तो गेला तें बरोबर कीं चूक?”

शास्त्रीबुवांनीं आम्हांस हें सांगितलें तेव्हां त्यांचा आवाज जड झाला होता. “चाळीस वर्षें मीं धर्मसंकटावर व्याख्यानें दिलीं. पण हा प्रश्न इतक्या सरळपणें मला कोणी विचारला नव्हता. मीं त्यास उत्तर दिलें नाहीं. रात्रीं त्याच्याजवळ निजलों, एवढेंच केलें.” सूनबाई आंतून म्हणाल्या, “मामंजी, मीं पुस्तक वर ठेवलें. प्रश्न त्याच्यापाशींच राहिला होता.”

मास्तरांस ह्यावर विजयाची टाळी देण्यास हरकत नव्हती. पण त्यांनीं ती दिली नाहीं. पुस्तक देतांना आपण मुलाजवळ बसावयास हवें होतें, असें ते म्हणाले. चित्रकथ्याच्या चित्राजवळ माणूस असतो, तो ह्याचसाठीं.

ह्या साऱ्यावरून आमच्या वाचकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : जी चित्रकथा घरांत आली आहे तिचीं निदान पंधरा पानें वडिलांपैकीं कोणीं तरी वाचल्यावांचून तिच्यावर मत देऊं नये. दुसरी : जड पुस्तक मुलास एकट्यास देऊं नये, आणि दिल्यावर त्याच्याशीं बोलावें. जपानांत मुलांचे, मुलींचे, प्रौढ पुरुषांचे व प्रौढ स्त्रियांचे मांगा वेगवेगळे निघतात. सारींच बालवाङ्मय नव्हेत, एवढें तरी विकत घेतांना पाहावें. तिसरी गोष्ट शास्त्रीबुवांच्या घरीं आपोआप घडली. त्यांच्या पत्नीस इंग्रजी येत नाहीं. पण नातू काय वाचतो हें त्यांस कळावयास हवें होतें. तेव्हां संध्याकाळीं दिवेलागणीनंतर नातू पुस्तक मांडीवर घेऊन बसतो, एकेक चौकट बोटानें दाखवितो व मराठींत गोष्ट सांगतो. कोठें अडखळला तर आजी शब्द पुरवितात. मांगामुळें मराठी मागें पडेल हें शास्त्रीबुवांचें भय अजून गेलेलें नाहीं. तथापि ह्या वेळीं ते शेजारच्या खोलींत ग्रंथ उघडा ठेवून ऐकत बसतात, असें सूनबाई सांगतात. सध्यां दुसरा भाग चालू आहे.